खड्डा, कागद, रूळ आणि पाणी

मुळशी पेट्यात टाटांच्या कंपनीची माणसं पहिल्यांदा आली ती चाचणीचे खड्डे खणायला. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमापाशी धरण बांधायचं घाटत होतं आणि जमिनीचा कस पाहायला शेतांत चर खणले जात होते. कुणाला नोटीस नाही, कुणाला विचारणं नाही. एका तरुण शेतकऱ्याने आपल्या रानात खणायला हरकत घेतली तेव्हा साहेबाने त्याच्यावर पिस्तूल रोखलं, अशी हकिगत या लढ्याच्या इतिहासात नोंदली गेली आहे.

त्या खड्ड्याआधी मुळशीच्या कुणब्याचा आणि मुंबईच्या गिरणीमालकाचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. खड्डा पडला आणि संबंध जुळला. तो असा जुळला की पुढची चार वर्षं दोघांनाही झटकता आला नाही.

मुळशी सत्याग्रहाचा इतिहास सहसा माणसांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. एका बाजूला सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि मावळे, दुसऱ्या बाजूला टाटा आणि सरकार. विनायकराव भुस्कुट्यांनी स्वतः लिहिलेला वृत्तांत आहे. राजेंद्र व्होरा यांनी पुढे या लढ्याचा सविस्तर अभ्यास केला आणि इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातच त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं. पण या कागदपत्रांत माणसांइतक्याच ठळकपणे वस्तूही वावरतात. चर, कर्जरोखे, दरपत्रकं, रूळ, विजेच्या तारा. त्या बाजूला काढल्या तर कोण कुणाच्या बाजूने का उभं राहिलं आणि मध्येच बाजू का बदलली, हे कळेनासं होतं.

वस्तूंकडे असं पाहायला शिकवणारी समाजशास्त्रातली एक शाखा १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये आकाराला आली. ब्रूनो लातूर, मिशेल कॅलाँ आणि जॉन लॉ ही तिची मुख्य नावं. दुर्खीमपासून चालत आलेल्या विचारात समाज ही माणसांच्या वर उभी असलेली एक शक्ती होती आणि वस्तू म्हणजे तिच्या नाटकातली नेपथ्याची लाकडं. लातूर यांनी विचारलं, मग रस्त्यावरचा स्पीडब्रेकर काय करतो? पोलिसाचं काम तोच करतो, आणि पोलिसाहून चोख करतो, कारण त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही. कॅलाँ यांनी १९८६ साली सँ-ब्रियक उपसागरातल्या शिंपल्यांवर एक निबंध लिहिला. शास्त्रज्ञांनी कोळ्यांशी बोलणी केली, सहकाऱ्यांचं मन वळवलं आणि शिंपल्यांची पिल्लं टांगलेल्या जाळ्यांना चिकटतील असं गृहीत धरलं. पुढे पिल्लं पुरेशी चिकटेनात, कोळ्यांनीही राखून ठेवलेल्या शिंपल्यांवर हात मारला आणि सगळी युती मोडली. शिंपल्यांचा होकारही कोळ्यांच्या होकाराइतकाच लागत होता, हे कॅलाँ यांचं म्हणणं.

लातूर यांनी आणखी एक भेद केला. काही दुवे निरोप्यासारखे असतात. इकडचं तिकडे पोचवतात, त्यात स्वतःचं काही घालत नाहीत. काही दुवे मध्यस्थासारखे असतात. त्यांच्या हातून जे जातं ते बदलून जातं. आणि निरोप्या वाटणारा दुवा कधी मध्यस्थ होऊन बसेल, हे आधी सांगता येत नाही. मुळशीत हे कसं घडलं ते पाहण्यासारखं आहे.

धरणाआधीचं मुळशी खोरं म्हणजे भाताची खाचरं आणि वरच्या उतारांवर नाचणी-वरी. पेरणीआधी उन्हाळ्यात राब भाजायचा. पालापाचोळा, शेण, काटक्या यांचा थर पसरून तो जाळायचा आणि त्या भाजलेल्या जमिनीत रोपं टाकायची. पावसाने जोर धरला की चिखलणी आणि लावणी. इथला आंबेमोहर पुण्याच्या घरांत नावाजलेला होता. कापणीनंतर खळ्यावर भात झोडलं की जी रास पडे तिच्याभोवती गावातली नाती गोळा होत. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, गुरव, ज्याचा त्याचा वाटा राशीतूनच निघे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली, म्हणजे मुळशीच्या लढ्याआधी सहाच वर्षं, 'गावगाडा'त या सगळ्या देण्याघेण्याचं बारकाईने वर्णन केलं. आत्र्यांना बलुतेदारीचं कौतुक फारसं नव्हतं. तिच्यातली अरेरावी, आळस आणि लुबाडणूक त्यांनी मोकळेपणाने लिहिली आहे. पण लोहाराने फाळ शेवटायचा आणि कुणब्याने त्याला वर्षभराचं धान्य द्यायचं, हा करार कुठल्याही कागदावर नव्हता. तो राशीत होता. रास पडली की करार जिवंत, पीक बुडालं की तोही अडखळला.

त्याच खोऱ्यात दुसरं एक नातं मात्र पूर्णपणे कागदावर उभं होतं. ते सावकाराचं.

पुणे जिल्ह्यातल्या कुणब्याला कागदाची ताकद मुळशीच्या कितीतरी आधी कळली होती. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. इतिहासात तो 'दख्खनचे दंगे' म्हणून ओळखला जातो. दंगेखोर सावकाराच्या दारात गेले की पहिली मागणी असे ती कर्जरोख्यांची, हुकूमनाम्यांची, दस्तऐवजांची. सावकाराने कागद मुकाट्याने दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागत नसे. कागदांची होळी होई आणि जमाव पांगे. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने ही गोष्ट आवर्जून नोंदवली. सावकार आणि कूळ हे नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं. त्यात गरज होती, लबाडी होती, लग्नकार्याला उसनवारीही होती. पण इंग्रजी कोर्टं आली आणि त्या नात्यात रोखा नावाचा एक तिसरा शिरला. कोर्ट कुळाला ओळखत नव्हतं आणि सावकारालाही नाही. ते ओळखत होतं रोख्याला. अंगठा उठलेला कागद पुढे केला की जमीन हलत असे. ज्यांनी १८७५ साली रोखे जाळले त्यांना नात्यातला खरा जोर कशात आहे ते नीट कळलेलं होतं.

सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला, कोर्टाला रोख्यामागचा खरा व्यवहार तपासायची मुभा दिली. तरीही गहाणखतांचा व्यवहार थांबला नाही. मुळशी खोऱ्यात १९२०च्या सुमारास बरीचशी जमीन पुण्यात राहणाऱ्या सावकारांच्या नावावर किंवा त्यांच्याकडे गहाण होती. राब भाजणारा, लावणी करणारा एक आणि कागदावरचा दुसरा. जोवर जमीन पीक देत होती तोवर या दोघांत खंडाची आणि व्याजाची ओढाताण चाले, पण दोघांचं जगणं त्याच खाचरावर टेकलेलं होतं.

आता मुंबईकडे पाहायला हवं. गिरण्या चालत होत्या त्या वाफेवर, आणि वाफेसाठी कोळसा लांबून, मुख्यतः बंगालकडून यायचा. महाग, अनिश्चित आणि धुराचा. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो आणि पश्चिमेला कडा सरळ कोकणात उतरतो. या दोन गोष्टी एकत्र केल्या तर पाण्यातून वीज निघते, हा हिशोब टाटा समूहाने केला. १९१० साली पहिली कंपनी निघाली, लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खाली सोडून खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. आंध्रा खोऱ्याच्या योजनेतून १९२२ साली भिवपुरीला वीज तयार होऊ लागली. मुळशीच्या योजनेसाठी १९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली.

या हिशोबात मुळशीच्या पावसालाही नोकरी लागली. मुळा नदी स्वभावाने पूर्वेची. पुण्याला मुठेला भेटायचं, भीमेत जायचं, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळायचं. तिला अडवून, बोगद्यातून पश्चिमेला वळवून, कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला पाडायचं ठरलं. परळच्या गिरणीतला साचा मुळशीच्या खाचराशी तारेने बांधला जाणार होता, आणि त्या बांधणीची किंमत अशी की खाचर पाण्याखाली जाणार. पन्नासच्या आसपास गावं आणि सुमारे अकरा हजार माणसं या रेषेवर सापडली.

सरकार कंपनीच्या बाजूने होतं. १८९४चा भूसंपादन कायदा हाताशी होता. एका खासगी कंपनीसाठीही त्या कायद्याखाली जमीन घेता येत होती. सार्वजनिक हित सिद्ध करायला कोळशाची बचत, गिरण्यांची वाढ आणि मजुरांना काम हे मुद्दे पुरेसे ठरले.

१६ एप्रिल १९२१. रामनवमी. सुमारे बाराशे मावळे, त्यांत बायकाही, धरणाच्या जागेवर जाऊन बसले. घोषणा आणि भजनं होतीच, पण काम थांबलं ते बसण्याने. जिथे पहार पडायची तिथे माणूस बसला होता. बांधकामावरच्या मजुरांनीही हातातली अवजारं खाली ठेवली. एक चळवळ म्हणून हे नवं होतंच, पण लातूर यांच्या चष्म्यातून पाहिलं तर त्याहून थोडं वेगळं दिसतं. कंपनीने खड्ड्यांनी आणि खुंट्यांनी जागेवर हक्क सांगितला होता. त्याला उत्तर म्हणून मावळ्यांनी आपली अंगं त्याच जागेत रोवली. गांधींनी 'यंग इंडिया'त २७ एप्रिलच्या अंकात मुळशीची बाजू घेतली आणि टाटांनी कायदेशीर हक्कावर अडून न राहता लोकांशी बोलावं असं सुचवलं. कंपनीने सहा महिने काम थांबवायचं मान्य केलं.

या सहा महिन्यांत लढ्याचा निकाल लागला, असं मागे वळून पाहताना म्हणता येतं. पुण्यातले पुढारी या लढ्याचा आवाज होते. न. चिं. केळकर, शि. म. परांजपे यांच्यासारखी माणसं त्यात होती. परांजप्यांनी तर पुढे तुरुंगवासही सोसला. मुळशीचं गाऱ्हाणं पुण्याच्या छापखान्यांतून मुंबईपर्यंत पोचत होतं. शहरातल्या सावकारांचाही सुरुवातीला धरणाला विरोध होता, कारण त्यांचीही जमीन जाणार होती. कुणबी आणि सावकार एका बाजूला उभे राहिले, हे १८७५ नंतरच्या पुणे जिल्ह्यात आश्चर्यच म्हणायचं. ते घडवून आणलं धरणाने.

मग मोबदल्याचा दर मध्ये आला.

दर हा निरोप्या वाटतो. जमिनीची किंमत एका आकड्यात सांगतो, एवढंच. पण या आकड्याने जमिनीचं रूपच पालटलं. तोपर्यंत ती खाचर होती, राब भाजायची जागा, खळं, देवाची राई, वडिलांची पिढी. एकरी इतके रुपये म्हटल्यावर ती पैसा झाली, आणि पैसा पुण्याला नेता येतो. खाचर नेता येत नाही. सावकाराला आता जमीन वाचवण्यापेक्षा दर वाढवून घेणं जास्त सोयीचं झालं. कित्येकांच्या दृष्टीने तर व्याजात अडकलेला पैसा एकरकमी मोकळा व्हायची ही संधी होती. धरणच नको म्हणणारे आणि चांगला दर मिळाला तर हरकत नाही म्हणणारे, अशी लढ्यात फूट पडली. बहुतेक ठिकाणी ही फूट जमीन कसणारा आणि जमीन कागदावर असणारा या रेषेवरच पडली.

मोबदला कुणाला द्यायचा, हे अखेर कागदाने ठरवलं. कायद्यात 'हितसंबंधी' माणसाला दावा सांगायची वाट होती, पण तो दावा शाबीत करायला पुन्हा दस्तऐवजच लागे. कुळाकडे तो असेलच असं नव्हतं. खळ्यावर राशीतून वाटा घेणाऱ्या लोहाराकडे आणि महाराकडे तर तो असणंच शक्य नव्हतं, कारण त्याचा करार राशीत होता. हक्कनोंदीच्या पत्रकात राशीसाठी रकाना नव्हता. धरणाने जमीन बुडवली ती सगळ्यांची, पण हिशोबाच्या वहीत बुडाली ती फक्त ज्यांचं नाव होतं त्यांची.

डिसेंबर १९२१ मध्ये कंपनीने पुन्हा काम सुरू केलं. आता सत्याग्रही पकडले जाऊ लागले, खटले चालले, शिक्षा झाल्या. बायकाही तुरुंगात गेल्या. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. एडिंबरोला शिकायला गेलेला, पॅरिसमध्ये बॉम्बची कृती मिळवून आलेला हा माणूस गांधींच्या मार्गाने मुळशीत उभा राहिला, पण अहिंसेचा अर्थ त्याने स्वतःचा लावला होता. यंत्राचं, रुळांचं नुकसान म्हणजे हिंसा नव्हे, असं बापटांचं मत होतं. लढ्याचा पाया आटत गेला, मोबदला घेऊन माणसं निघू लागली, तसा बापटांचा रोख वस्तूंकडे वळत गेला.

बांधकामाचं सामान आणि मजूर नेण्यासाठी कंपनीने लोहमार्ग टाकला होता. धरणाच्या कामाचा खरा श्वास तोच होता. १९२४च्या अखेरीस बापट आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी रुळांवर दगड रचून गाडी अडवली, आणि या वेळी त्यांच्या हातांत हत्यारं होती. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते १९३१ साली सुटले. तोवर धरण बांधून, भरून, वीज द्यायला लागूनही काही वर्षं झाली होती.

या शेवटच्या प्रसंगात आणि रामनवमीच्या प्रसंगात फरक काय, याचं उत्तर बहुतेक लेखक हिंसा-अहिंसेत शोधतात. तेवढाच महत्त्वाचा फरक संख्येचा आणि साखळीचा आहे. १९२१ साली बाराशे मावळे, त्यांच्यामागे पुण्याची वर्तमानपत्रं, गांधींचा शब्द, थांबलेले मजूर आणि काही काळ सावकारसुद्धा, अशी लांब साखळी होती. १९२४ साली बापटांच्या बाजूला चार-दोन माणसं आणि एक दगड उरला. दरम्यान टाटांच्या साखळीत कायदा, दर, रोखे, रूळ, सिमेंट असे दुवे एकेक करून जोडले गेले होते आणि त्यांतला एकही सुटला नव्हता. लातूर यांच्या मते सत्ता ही कुणाच्या खिशात असलेली वस्तू नसते. आपल्या बाजूला किती दुवे पक्के बांधून ठेवता येतात, यावर ती ठरते. मुळशी हे त्याचं चपखल उदाहरण आहे. मात्र त्यात एक भर घालावी लागते. सगळ्यांना दुवे सारख्याच भावाने मिळत नाहीत. कंपनीला कायदा मिळाला, मावळ्याला मिळाला नाही.

धरण १९२७ साली पुरं झालं. सुमारे दीड किलोमीटर लांब, जवळपास ४९ मीटर उंच. त्याच वर्षी भिऱ्याचं वीजघर चालू झालं. आज पुण्याहून ताम्हिणीकडे जाणारा रस्ता या जलाशयाच्या काठाने जातो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्यावर गाड्यांची रांग लागते, भुट्टेवाले उभे राहतात, काठावर बंगले आणि रिसॉर्टं झाली आहेत. पलीकडे कोकणात भिऱ्याहून सोडलेलं पाणी कुंडलिकेत जातं. कोलाडला सकाळी राफ्टिंगच्या बोटी सुटतात त्या या सोडलेल्या पाण्याच्या वेळेप्रमाणे. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीचीही तहान याच पाण्यावर भागते. बोट वल्हवणारा कोलाडचा पोरगा, रोह्याचा कारखाना आणि विस्थापित मावळ्याचा पणतू हे तिघे एकमेकांना ओळखत नाहीत. पण त्यांचं नातं आहे आणि ते वीजघरातून पाणी कधी सुटतं यावर बांधलेलं आहे.

हे नातं कोणाचं आणि किती, याचा वाद मिटलेला नाही. पूर्वेला जाणारं पाणी पश्चिमेला वळवायचं ते किती, हा प्रश्न १९६९ साली नेमलेल्या कृष्णा पाणीतंटा लवादापुढे आला आणि लवादाने त्यावर मर्यादा घातली. भीमेच्या खोऱ्यात दुष्काळ पडला की मुळशीचं पाणी पुण्याकडे, सोलापूरकडे सोडा, ही मागणी दर वेळी पुन्हा उठते. वीज दुसरीकडून आणता येईल, पाणी कुठून आणणार, असा तिचा युक्तिवाद असतो. विजेचं जाळं आता देशभर पसरलं आहे, त्यामुळे १९२१ साली जो कोळसा वाचवायचा होता त्याचं वजनही पूर्वीचं राहिलेलं नाही.

आणि राशीचं काय? १८९४चा भूसंपादन कायदा रद्द होऊन त्याच्या जागी २०१३ साली नवा कायदा आला, १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात 'बाधित कुटुंब' कोणतं याची व्याख्या आहे. जमिनीचा मालक तर आहेच, पण त्या जमिनीवर ज्यांची उपजीविका मुख्यतः अवलंबून आहे अशी कुळं, वाटेकरी, शेतमजूर आणि कारागीरही तिच्यात आहेत. संपादनाआधी तीन वर्षं तिथे काम केलेलं असणं पुरेसं आहे, मालकी हक्काचा कागद त्यासाठी लागत नाही. म्हणजे खळ्यावर आपला वाटा उचलणाऱ्या लोहाराला त्या व्याख्येत जागा मिळाली असती. मुळशीच्या खोऱ्यातले लोहार आणि कुळं उठून गेली त्याला तेव्हा नव्वद वर्षांच्या आसपास झाली होती, आणि कायदा मागच्या तारखेने लागू होत नाही.